मोरस

यंदा आम्ही मॉरिशसला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी आणि नवरा. लेकीने तिकिटं हातात ठेवली आणि वर बजावलं, "आई, तिथे काहीही बघायला धावायचं नाही. आठ दिवस नुसतं समुद्रावर पडायचं." आमच्या आजवरच्या सहली म्हणजे पहाटे पाचला आंघोळी, दिवसाला तीन देवळं, एक किल्ला आणि रात्री पायांना तेल. त्यामुळे नुसतं पडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न आम्हा दोघांनाही विमानात बसेपर्यंत पडलेला होता.

पहिले दोन दिवस मात्र छान पडलो! फ्लिक आँ फ्लाक नावाच्या गावाचा लांबलचक किनारा. मागे सुरूची झाडं, म्हणजे आपल्या कोकणातल्यासारखीच, पण वाळू मात्र पिठासारखी पांढरी. ही वाळू दगडाची नाही, पोवळ्यांची आणि शिंपल्यांची. बेटाभोवती प्रवाळांचं कडं आहे, लाटा तिकडे लांबवरच फुटतात आणि आत नुसतं हिरवंनिळं, उथळ, गुपचूप पाणी. आमच्या राजापूरकडचा समुद्र आषाढात कसा अंगावर येतो ते पाहिलेल्या माणसाला हा समुद्र वाटतच नाही, भलंमोठं तळं वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहात साखर घालताना पुडी हातात राहिली. तपकिरी, जाड दाण्याची साखर, वर बेटाचं नाव. आणि एकदम आजीचा आवाज ऐकू आला, "मोरस आण गो कपाटातली."

आमची आजी साखरेला मोरस म्हणायची. रोजच्या चहाला गूळ. मोरस पाहुण्यांसाठी आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी, पितळी डब्यात झाकून ठेवलेली. लहानपणी मला वाटायचं, हा साखरेचा काही तरी वेगळा प्रकार असणार. मोरस म्हणजे मॉरिशस हे फार उशिरा कळलं. एकोणिसाव्या शतकात या बेटाची साखर जहाजं भरभरून मुंबईला यायची, आणि चीनची ती चिनी तशी मॉरिशसची ती मोरस. गुजराती घरांत साखरेला आजही मोरसच म्हणतात. आजी डब्याला हात लावताना कधी कधी म्हणायची, "आपला माणूस गेलाय तिथे." कोण, कधी, कशाला, हे विचारलं की मोठी माणसं विषय बदलायची.

पुडी खिशात टाकली आणि नवऱ्याला म्हटलं, "लेकीला सांगू नकोस, पण आता मला थोडं बघायला जायचंय."

तर मंडळी, पुढचं सगळं त्या पुडीमुळे.

या बेटाची पहिली गंमत म्हणजे इथे मूळचं कोणी नाहीच. अरब खलाशांना बेट माहीत होतं, पोर्तुगीज येऊन पाणी भरून गेले, पण राहिलं कोणी नाही. १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या मॉरित्स राजपुत्राचं नाव दिलं आणि १६३८ मध्ये वस्ती केली. पुढच्याच वर्षी, १६३९ मध्ये, त्यांनी जावाहून ऊस आणून लावला. तो साखरेपेक्षा दारू गाळायलाच जास्त वापरला म्हणे. डचांबरोबर डुकरं आणि उंदीर आले, उंची लाकडासाठी अबनूसची झाडं तुटली, आणि ज्याला उडता येत नव्हतं आणि पळायचं कशाला हेही ठाऊक नव्हतं असा डोडो शंभरेक वर्षांत संपून गेला. १७१० मध्ये डच कंटाळून निघून गेले. ऊस तेवढा राहिला.

१७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांचा गव्हर्नर ला बुर्दोने १७३५ मध्ये आला आणि त्याने पोर्ट लुई बंदर उभं केलं, साखरेचा पहिला मोठा कारखाना त्याच्याच काळात, १७४४ च्या सुमारास निघाला. काम करायला मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम. काही हिंदुस्थानातूनही. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं (त्या फौजेत हिंदी शिपाईही होते), पण फ्रेंच मळेवाल्यांना त्यांची भाषा, कायदे आणि जमिनी तशाच राहू दिल्या. म्हणून आज दीडशेपेक्षा जास्त वर्षं इंग्रजांचं राज्य होऊनही दुकानात "बोंझूर" ऐकू येतं.

खरी उलथापालथ एका जकातीने केली. १८२५ मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरचा कर वेस्ट इंडिजच्या साखरेइतकाच केला. झालं! जो तो जंगल तोडून ऊस लावायला लागला. आणि नेमकं दहा वर्षांत, १ फेब्रुवारी १८३५ ला, गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्या वेळी बेटावर साठ हजारांवर गुलाम होते. सरकारने भरपाई दिली, वीस लाख पौंडांहून जास्त. कोणाला? मालकांना. सुटलेल्या माणसांना एक छदामही नाही, उलट आणखी चार वर्षं उमेदवारीच्या नावाखाली त्याच मळ्यात राबायची सक्ती.

मुक्कामाच्या चौथ्या दिवशी टॅक्सीने दक्षिणेकडे ल मॉर्नला गेलो. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा काळा सरळसोट कडा आणि पायथ्याला बेटावरची सगळ्यात देखणी, सगळ्यात महागडी हॉटेलं. पळून आलेले गुलाम या कड्यावरच्या गुहांत लपून राहायचे. लोक सांगतात, गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा ते आपल्याला धरायलाच आले असं समजून लपलेल्या माणसांनी खाली उड्या टाकल्या. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. खाली छत्र्यांखाली माणसं पहुडली होती. आम्हीही त्यांच्यातच होतो, तेव्हा नाक मुरडायचा हक्क मला नाही. पण त्या कड्याकडे पाठ करून मात्र मला झोप लागेना.

गुलाम गेले, मग ऊस कोण तोडणार? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. तशी आपली माणसं त्याआधीही इथे होती. १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी इथे रस्ते बांधायला पाठवत. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये इथे उतरला तेव्हा त्याने ते कैदी काम करताना पाहिले आणि त्यांच्याविषयी लिहूनही ठेवलं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन आलं. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. या योजनेला इंग्रजांनी नाव दिलं 'महान प्रयोग'. गुलामांऐवजी करारावरचे मजूर चालतात का, हे या बेटावर करून पाहिलं आणि चालतात म्हटल्यावर मग त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी अशी रांग लागली. फसवणुकीच्या इतक्या तक्रारी झाल्या की १८३८ मध्ये मजूर पाठवणं थांबवावं लागलं. १८४२ च्या कायद्याने ते पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी ठरवून दिलेली बंदरं होती कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई.

१९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं आली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेशातली, मग तमिळ आणि तेलुगू. मुंबईहून आलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांच्यात कोकणातले बरेच. का आले असतील, हे कोकणातल्या कुळाच्या घराला सांगायला नको. जमीन खोताची, पेरा आपला, आणि भात मळून झालं की खोताचा वाटा काढून उरलं ते आपलं. शिमग्यानंतर पोटाला नाचणीची आंबील. अशा घरातला धाकटा भाऊ मुंबईला गेला आणि बंदरावर कोणी पाच रुपये महिना म्हणाला, तर तो बोट कुठे जाते ते कशाला विचारील?

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. १८४९ मध्ये बांधलेला हा मजुरांचा डेपो, पूर्वीचं नाव कुली घाट, ते १९८७ मध्ये बदललं आणि २००६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. फार काही उरलेलं नाही. काही खोल्या, न्हाणीघरं, आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या. बोटीतून उतरलं की या पायऱ्या चढायच्या, दोन रात्री आत काढायच्या, नंबर घ्यायचा आणि मळ्यावर जायचं. मी त्या पायऱ्यांशी उभी राहिले. दगड काळा, आपल्या सह्याद्रीसारखाच. सारखाच का, तर नात्यातलाच. भूशास्त्रज्ञ सांगतात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच स्थानाने पुढे हिंदुस्थान उत्तरेकडे सरकल्यावर या समुद्रातली बेटं घडवली. मॉरिशस ऐंशीएक लाख वर्षांचं, म्हणजे आपल्या डोंगरांचं धाकटं भावंडच. उसाच्या शेतांत जागोजागी काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. जमीन साफ करताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले. गडगे रचून हात तयार झालेला कोकणी माणूस हे काम चांगलं करत असणार, असं उगाच मनात आलं.

करार कागदावर बरा होता. मळ्यावर 'दुहेरी काट' होती, एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारपणही खाड्यातच. १८५० च्या दशकात परतीचा फुकट प्रवास बंद केला. १८६७ चा कायदा तर असा, की करार संपलेल्या मजुरानेही फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा, नाही तर भटक्या म्हणून तुरुंग. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका युरोपियन मळेवाल्यानेच मजुरांचा अर्ज लिहून दिला, त्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या नि अंगठे. त्या माणसाला भर रस्त्यात मळेवाल्यांच्या गोटातून मार खावा लागला, पण १८७२ मध्ये चौकशीला रॉयल कमिशन आलं. पुढे १९०१ मध्ये गांधीजी आफ्रिकेतून परतताना बोट थांबली म्हणून काही दिवस इथे राहिले आणि मुलांना शिकवा, राजकारणात उतरा असं सांगून गेले. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तो दांडीयात्रेच्या दिवशी, १२ मार्चला.

आता मला छळणारा प्रश्न असा होता, की या सगळ्यात किनारा कुठे होता? ही माणसं समुद्रावर कधी येत होती का?

उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल, पण बराच काळ किनाऱ्याला लोक भीतच होते. १८६६ पासून इथे हिवतापाची साथ आली आणि १८६७ या एका वर्षात तीसेक हजार माणसं गेली, लोकसंख्या जेमतेम साडेतीन लाख असताना. ज्यांना परवडलं ते बंदर सोडून वर थंड पठारावर, क्यूरपीपकडे राहायला गेले. किनारा म्हणजे डास, ताप आणि कोळी. १९४० च्या दशकाच्या अखेरीला फवारण्या करून हिवताप आटोक्यात आणला, तेव्हा कुठे समुद्रकाठ बारमाही राहण्याजोगा झाला. आपण ज्याला 'मूळचं निसर्गसौंदर्य' म्हणतो त्यात डीडीटीचाही वाटा आहे म्हणायचा!

आणि जमीन? फ्रेंचांच्या वेळेपासून किनाऱ्याची पन्नास भौमितिक पावलं, म्हणजे ८१ मीटरची पट्टी, सरकारची राखीव. मूळ हेतू बेटाच्या संरक्षणाचा. ती विकता येत नाही, पण भाडेपट्ट्याने देता येते. त्यामुळे मोक्याच्या जागी आधी साखरवाल्या घराण्यांचे सुट्टीचे बंगले झाले आणि मग हॉटेलं. भरतीच्या रेषेखालची वाळू मात्र कायद्याने सगळ्यांची. आणि काही किनारे सार्वजनिक म्हणून राखलेले, तिथे रविवारी सगळं बेट लोटतं.

आम्ही रविवारी मुद्दाम हॉटेलची वाळू सोडून त्या सार्वजनिक किनाऱ्यावर जाऊन बसलो. सुरूच्या सावलीत सतरंज्या, पातेली, ढोलकं, पत्त्यांचे डाव. ढोल पुरीची गाडी. ढोल पुरी म्हणजे आपली पुरणपोळी गोड व्हायचं विसरली तर जशी लागेल तशी, मऊ, आत डाळीचा भुगा, वरून रस्सा. शेजारच्या सतरंजीवरच्या बाई माझ्या मंगळसूत्राकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही मराठी आहात का?"

मराठी पुस्तकातली, जपून टाकलेली. घरी त्या क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकल्या. आडनाव म्हणजे आपल्याकडे मुलाला ठेवतात तसं साधं नाव, कारण घाटावरच्या कारकुनाने पहिल्या आजोबांचं नाव विचारलं आणि तेच पुढे सगळ्यांचं आडनाव झालं. गाव कुठलं ते त्यांना ठाऊक नाही. पण गौरी-गणपतीला त्यांच्याकडे 'झाकरी' नाचतात. त्यांनी हाताने ठेका धरून दाखवला आणि मी उडालेच. अहो, ही तर आमची जाखडी! घुंगरू बांधून गोल फेर धरायची, तीच.

इथल्या मराठी लोकांचा पहिला सार्वजनिक गणपती १८९६ साली बसला असं ते अभिमानाने सांगतात. आज गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. योगायोग बघा, त्याच १८९६ मध्ये मार्क ट्वेन इथे येऊन गेला. स्वर्ग या बेटाची नक्कल आहे, हे त्याच्या नावावर खपणारं कौतुक पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रात दिसतं. खरं म्हणजे ते त्याचं मत नव्हतंच, इथला एक जण असं म्हणतो आणि दुसरा म्हणतो ही अतिशयोक्ती आहे, एवढंच त्याने लिहिलं. मला त्या दोन १८९६ मधला गणपतीचा जास्त जवळचा वाटला. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या उसात राबून, स्वतःची चार गुंठे जमीन करून, मग मातीचा देव घडवून दारात बसवणं, ही काही लहान गोष्ट नाही.

साखरेचे दिवस आता गेले. एकेकाळी अडीचशेच्या आसपास कारखाने होते, आता तीन. १९७३ मध्ये सात लाख टनांवर साखर झाली, अलीकडे तीन लाखांच्याही खाली. युरोपने चढ्या भावाने साखर घ्यायचा करार २००९ मध्ये संपला. शेतांत एकट्या धुराड्या उभ्या आहेत आणि २००२ पासून सरकारी योजनेखाली उसाच्या रानांत परदेशी लोकांसाठी बंगले उठतायत. २०१९ मध्ये बेटाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त, जवळजवळ १४ लाख पर्यटक आले. मग करोनाचं वर्ष. त्यात २५ जुलै २०२० ला 'वाकाशियो' नावाचं जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळांवर चढलं आणि ऑगस्टमध्ये हजारेक टन तेल त्या निळ्या पाण्यात सांडलं. तेव्हा लोकांनी काय केलं माहितेय? उसाचं पाचट कापडी नळ्यांत भरलं, रात्र रात्र बसून हाताने शिवलं आणि ते लांबच लांब लोढणे पाण्यात सोडून तेल अडवलं. गुलामांचे, मजुरांचे, मळेवाल्यांचे, सगळ्यांचे पणतू एका रांगेत. ज्या उसाने या बेटावर माणसं ओढून आणली, त्याच्याच पाचटाने त्यांनी किनारा वाचवायला घेतला.

आता घरच्यांसाठी दोन शब्द, कारण हे लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

परत आल्यावर मी काकांनी केलेली वंशावळीची वही काढली. खापरपणजोबांच्या शेजारी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव आहे, आणि त्यापुढे कंसात 'निर्वंश'. आजी म्हणायची तो 'आपला माणूस' हाच. खोताच्या देण्यावरून घरात भांडण झालं, तो मुंबईला गेला आणि तिथून मोरसला, एवढंच तिने मला शेवटी शेवटी सांगितलं होतं. घरचा पोरगा कुली म्हणून बोटीत चढला याची लाज वाटली असणार, म्हणून विषय बदलायचे.

पोर्ट लुईजवळ महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदींची दफ्तरं आहेत. मी तिथे गेले नाही. जहाजाचं नाव, साल, नंबर, यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं, होतं ते फक्त एक नाव, आणि त्या नावाचे शेकडो असणार. त्याला तो सापडला असता असं मी म्हणत नाही. तो वाटेतच गेला असेल, तापात गेला असेल. एक तृतीयांश लोक परत आले तसा मुंबईपर्यंत येऊन गिरणगावात हरवलाही असेल. किंवा त्याच्या नातीची नात रविवारी सुरूच्या सावलीत सतरंजी टाकून बसत असेल.

पण 'निर्वंश' हे आपण कशावरून लिहिलं? कोणी जाऊन पाहिलं होतं का? तो परत आला नाही एवढंच आपल्याला माहीत आहे.

म्हणून मी वहीतला तो शब्द खोडला आणि तिथे लिहिलं, 'मोरसला गेला'. तुमच्या तुमच्या घरी त्या वहीच्या झेरॉक्स आहेत, त्यांतही कृपा करून एवढी दुरुस्ती करून घ्या. आणि ती पुडी पितळी डब्यात ठेवली आहे. गणपतीला याल तेव्हा तिचाच शिरा करीन. तेवढा सगळ्यांना पुरणार नाही, पण चमचा चमचा मिळेल.